मामीला कोण शिकवणार?

पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र तापला होता. एप्रिलमध्ये आदेश निघाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. इकडे नॉर्वेत, बर्गनला बसून मीही जळगावच्या मित्रांशी ग्रुपवर कचकचून भांडलो. मराठीच्या बाजूने, हे सांगायला नको. पण ज्या पोराला मराठीही ऐकू येत नाही आणि हिंदीही, त्याचा विषय त्या गदारोळात कुणी काढला नाही.

माझा अमळनेरचा मामेभाऊ जन्मापासून कर्णबधिर. घरात त्याच्या खुणा ठरलेल्या. डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं की आई, मिशीवर बोट फिरवलं की मामा. अंगठ्याने हवेत बटण दाबलं की शेतात लाइट आली, पंप सुरू करायला चला. पुढे त्याला लांबच्या निवासी शाळेत घातलं. तिथे वर्गात हात हलवायचे नाहीत, ओठ बघून बोलायचं. खरी भाषा तो रात्री वसतिगृहात मोठ्या पोरांकडून शिकला. सुटीत आला की हात झरझर चालायचे आणि मामी नुसती बघत राहायची. ‘जेवला का’ एवढं जमायचं. पोटात दुखतंय, पण नेमकं कुठे, कधीपासून, हे कसं विचारणार?

हात बांधायची ही रीत युरोपातली. १८८० साली मिलानच्या परिषदेत ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी बहुमताने ठराव केला की मुलांना तोंडीच शिकवावं. खुणा तरीही टिकल्या, आणि प्रत्येक देशात वेगळ्या. खुणांची भाषा जगभर एकच, असं आपल्याकडे सर्रास समजतात. इथला नकाशा बघा. नॉर्वेजियन आणि स्वीडिश माणसं एकमेकांचं बोलणं सहज समजतात, पण त्यांच्या खुणाभाषांची घराणी वेगळी: नॉर्वेची डेन्मार्कशी जोडलेली, तर फिनलंडची आणि थेट पोर्तुगालची स्वीडनहून गेलेली. कारण भाषा शाळेबरोबर गेली. १८२३ मध्ये एका स्वीडिश शिक्षकाने लिस्बनला शाळा काढली. १८४६ मध्ये स्टॉकहोमला शिकलेल्या कार्ल ऑस्कर माल्म या कर्णबधिर तरुणाने फिनलंडमध्ये. नॉर्वेतही ऑस्लो, बर्गन, ट्रॉन्डहाइम या शाळांच्या खुणांत फरक आहे, आणि त्याची कुणाला लाज नाही. इथे मंत्रीसुद्धा आपल्या गावच्या बोलीत बोलतो. आपण मात्र पुण्यात उतरलो की अहिराणी गिळून टाकतो.

२०२२ पासून इथल्या भाषा कायद्याने नॉर्वेजियन खुणाभाषेला नॉर्वेजियनच्या बरोबरीचं स्थान दिलंय. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी सोय: कर्णबधिर मुलाच्या आईबापांना मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत मिळून ४० आठवड्यांचं खुणाभाषेचं शिक्षण मोफत मिळतं. अर्थात इथेही सगळं गोडगोड नाही. सरकारी कर्णबधिर शाळा बंद होत गेल्या, मुलं गावोगावच्या शाळांत विखुरली, आणि खुणा करणारा दुसरा पोरगा वर्गात नसेल तर भाषा वाढणार कुठे, यावर वाद चालूच आहे.

आपल्याकडे कागद वाईट नाही. २०२० चं शैक्षणिक धोरण भारतीय सांकेतिक भाषा देशभर प्रमाणित करायला सांगतं, आणि स्थानिक खुणाभाषांचाही आदर राखून शक्य तिथे त्या शिकवाव्यात असंही म्हणतं. दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा संस्थेचा खुणांचा शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला आहे. माझा प्रमाणीकरणाला विरोध नाही. पुस्तकांना, कोर्टातल्या दुभाष्याला ते लागतंच. पण नंदुरबारच्या पाड्यावरचं भिली बोलणारं घर, अमळनेरचं अहिराणी घर आणि तो कोश यांच्यामध्ये सध्या कुणीच उभं नाही. मुलाला प्रमाण खुणा द्यायच्या आणि घर कोरडं ठेवायचं, हे मामीच्या घरी एकदा होऊन गेलंय.

म्हणून माझं मागणं लहान आहे. तालुक्याला एक कर्णबधिर शिक्षक, पगारावर नेमलेला. त्याने आठवड्यातून एकदा घरी जावं, घरच्या खुणा आधी शिकून घ्याव्यात आणि मग कोशातल्या द्याव्यात. आईची मजुरी बुडाली तर ती भरून द्यावी. तिसऱ्या भाषेवर समित्या नेमणाऱ्या सरकारला हा खर्च जड नाही.