एनजीस्पाइसला खेळणं म्हणण्याआधी

एनजीस्पाइस म्हणजे सर्किट प्रत्यक्ष जोडण्याआधी ते कसं वागेल हे कॉम्प्युटरवर काढून देणारं फुकट सॉफ्टवेअर, म्हणजे सिम्युलेटर. इंजिनीअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘एनजीस्पाइससारखी फुकटची सिम्युलेटर खेळण्यातली. उत्तरं भरवशाची नसतात, सारखी एरर येते, नवा पार्ट घालता येत नाही, खऱ्या चिपला तर ती चालतच नाहीत.’ हे वाचून मुलं विकतच्या सिम्युलेटरच्या चोरीच्या कॉपीमागे लागतात, म्हणून लिहितोय.

भरवशाचं आधी. स्पाइस हे मूळ सिम्युलेटर 1970च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात लिहिलं गेलं. विकत मिळणारं पीस्पाइस त्याच कोडमधून निघालं आणि एनजीस्पाइसही त्याच घराण्यातलं. काम एकाच रीतीचं: प्रत्येक नोडला, म्हणजे सर्किटमधल्या जोडाच्या बिंदूला, किर्चॉफचा नियम लावायचा, डायोडच्या वक्र आलेखाच्या जागी त्या बिंदूची स्पर्शिका धरायची, त्यातून आलेल्या समीकरणांचं मॅट्रिक्स सोडवायचं, आलेलं व्होल्टेज घेऊन पुन्हा तेच. उत्तर हलायचं थांबेपर्यंत या फेऱ्या चालतात. पैसे मोजले म्हणून हे गणित बदलत नाही.

‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ची एरर, म्हणजे समीकरणांना एक ठाम उत्तर नाही अशी तक्रार, बहुतेकदा आपल्या सर्किटची असते. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा आणि मधला नोड तसाच सोडा. डीसीला कपॅसिटर म्हणजे तुटलेली वायर, मग त्या नोडचं व्होल्टेज ठरणार कशावरून? तिथून ग्राउंडला 1 गिगाओहमचा रेझिस्टर लावा, गाडी पुढे सरकते.

नवा पार्ट घालता येत नाही, हे तर साफ चुकीचं, आणि मला सर्वांत जास्त लागतं ते हेच. एनजीस्पाइसच्या खुल्या सोर्स कोडमध्ये प्रत्येक पार्टचा वेगळा फोल्डर आहे. डायोडच्या फोल्डरमध्ये ‘डायोलोड’ नावाची सी फाइल आहे: व्होल्टेजवरून करंट आणि कंडक्टन्स काढून मॅट्रिक्समध्ये भरणारा कोड तिथे ओळीओळीने वाचता येतो. मूळ कोडला हात लावायचा नसेल तर एक्सस्पाइस ही एनजीस्पाइसमधलीच जोड-सोय आहे. एका फाइलमध्ये पिना आणि पॅरामीटर, दुसरीत सीमधलं वर्तन. कंपाइल करा, लोड करा. पार्टचं वर्तन लिहायच्या व्हेरिलॉग-ए या भाषेतलं मॉडेल ओपनव्हीएएफ या कंपायलरने कंपाइल केलं की तेही थेट लोड होतं.

चिपचं म्हणाल तर 2020मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने 130 नॅनोमीटरचं पीडीके, म्हणजे स्कायवॉटरच्या कारखान्यात चिप बनवण्यासाठी लागणारे नियम आणि मॉडेल यांचा संच, खुलं केलं. त्यातली ट्रान्झिस्टर मॉडेल एनजीस्पाइसवर चालतात. आपल्या पवईत, आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं केलेलं ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअरही आतून एनजीस्पाइसच वापरतं.

एक अडचण मात्र खरी आहे. काही कंपन्या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी एन्क्रिप्ट केलेली मॉडेल देतात, ती इथे उघडत नाहीत. अशा वेळी कंपनीकडे साधी, वाचता येणारी फाइल मागा.