दहा लाखांचं काम चालेल, पण स्वतःच्या नावावर

रजिस्ट्रेशन झालं, डिजिटल सिग्नेचर आली, महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन टेंडर पोर्टलवर, लॉगिन तयार झालं की नव्या कंत्राटदाराला पहिला सल्ला हमखास मिळतो: "कागद अमक्याचे लाव, काम तू कर." म्हणजे टेंडर जुन्या कंत्राटदाराच्या लायसनवर भरायचं, त्याला त्याचे टक्के द्यायचे आणि साइटवर उन्हात आपण उभं राहायचं. माझं स्पष्ट मत आहे, यात पडू नका. खडीकरणापासून डांबराच्या कार्पेटपर्यंत सगळं स्वतः करून घेणारी, रोलरवाल्याची चूक लांबून ओळखणारी पोरं मी रोज बघतो. पण त्यांच्या फाइलमध्ये दाखवायला एक कागद नाही. काम त्यांनी केलं, अनुभव लायसनवाल्याच्या नावे चढला. बिल थकलं तर थकबाकीच्या यादीतही ते नसतात. ऑफिसात चौकशीला गेले की साहेब विचारतात, "तुम्ही कोण?"

टेंडर भरताना आधीच्या कामांचा अनुभव दाखवावा लागतो. आता ही अट येते कुठून, ते बघा. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये एक सूत्र घालून दिलं. गेल्या सात वर्षांत त्याच प्रकारची तीन कामं, प्रत्येक अंदाजपत्रकीय किमतीच्या ४० टक्क्यांची. किंवा दोन कामं ५० टक्क्यांची. किंवा एकच काम ८० टक्क्यांचं. शिवाय गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजपत्रकीय किमतीच्या किमान ३० टक्के. टेंडरगणिक आकडे इकडेतिकडे होतात, पण साचा साधारण हाच.

हे सूत्र नव्या माणसाला भिंतीसारखं वाटतं. जरा कागद-पेन घेऊन बसा. दहा लाखांचं एकच काम पूर्ण असेल तर अनुभवाच्या अटीपुरते तुम्ही साडेबारा लाखांपर्यंत पात्र. दोन असतील तर वीस लाखांपर्यंत. तीन असतील तर पंचवीस लाखांपर्यंत! पुढे पंचवीसची तीन झाली की साडेबासष्ट लाख, आणि तशी तीन झाली की दीड कोटीच्या वर. म्हणून एकदम मोठ्या कामामागे धावण्यापेक्षा एकाच प्रकारची तीन छोटी कामं उरकणं हिशोबाने फायद्याचं आहे. यात "एकाच प्रकारची" हे महत्त्वाचं. एक शाळेची संरक्षक भिंत, एक गटार, एक डांबरी रस्ता असं तिन्हीकडे हात मारलात तर एकालाही दुसऱ्याचा आधार मिळत नाही. रस्ते तर रस्ते, इमारती तर इमारती; सुरुवातीला एकच लाइन धरा. आणि सात वर्षांची मुदत विसरू नका, जुन्या कामाचा दाखला कितीही चांगला असला तरी शिळा होतो.

पहिली तीन कामं कुठून आणायची? आपल्याकडे छोट्या कामांचं ३३-३३-३४ वाटप आहे: ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या गटाला. बीई-डिप्लोमावाल्यांसाठी याहून सरळ दार नाही, कारण तिथे शंभर कोटींवाल्याशी गाठ नसते. तरीही या वाटपात लॉटरीने लागलेलं काम त्याच संध्याकाळी दुसऱ्याला विकून मोकळे होणारे इंजिनिअर कमी नाहीत. चाळीस-पन्नास हजार खिशात येतात आणि दाखल्यावर नाव असलं तरी हाताला कसब येत नाही. वर सांगितलेल्या पोरांचं नेमकं उलटं. दोघं एकमेकांना भेटत का नाहीत, हा मला पडलेला प्रश्न आहे.

"एमएसएमईला अनुभवाची अट माफ असते ना?" असंही बरेच विचारतात. केंद्राचं २०१२ चं सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटांना ते लागू नाही. खुर्च्या, संगणक पुरवत असाल किंवा सेवा देत असाल तर जेमवर, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर, त्याचा उपयोग करून घ्या. पूल बांधायला निघाला असाल तर उद्यम प्रमाणपत्रावर (एमएसएमई नोंदणीवर) भरवसा ठेवून बयाणा, म्हणजे टेंडरसोबतची अनामत, न भरता टेंडर टाकू नका.

अनुभवासाठी म्हणून अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के बिलो, म्हणजे कमी दराने, जाणं हा दुसरा रोग. जेवढे खाली जाल तेवढी जादा सुरक्षा ठेव भरा, मग सिमेंट-स्टीलच्या दुकानदाराची उधारी, मग मध्येच बंद पडलेलं काम आणि दंडाच्या नोटिसा. असा अनुभव पुढच्या टेंडरला जोडता येत नाही.

आणि दाखला! फायनल बिल निघालं की लोक पेढे वाटतात आणि पूर्णत्वाचा दाखला "नंतर घेऊ" म्हणतात. नंतर शाखा अभियंत्याची बदली होते, एमबी (कामाची मोजमाप वही) कुठल्या कपाटात गेली ते नव्या साहेबांना माहीत नसतं आणि टेंडरची मुदत उद्या दुपारी संपणार असते. दाखल्यावर कामाचं नाव, करारनामा क्रमांक, कार्यारंभ आदेशाची तारीख, ठरलेली मुदत, प्रत्यक्ष पूर्ण झाल्याची तारीख, अंतिम रक्कम आणि कार्यकारी अभियंत्याची सही हवी. जावक क्रमांक नसेल तर तिथूनच परत फिरा, टेबल सोडू नका. एका तारखेच्या खाडाखोडीवरून दरांचा लिफाफा उघडण्याआधीच, तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

अनुभवाची अट असूच नये असं मी म्हणत नाही. माझी पोरं ज्या पुलावरून शाळेत जातात तो कुणी शिकता शिकता बांधावा असं मलाही वाटत नाही. राग येतो तो वरून चिकटवलेल्या अटींचा: इतक्याच किलोमीटरच्या आत स्वतःचा हॉटमिक्स (डांबर-खडी मिसळायचा) प्लांट हवा, जागा पाहणीचा दाखला साहेबांकडूनच हवा. त्या अटी कुणाला डोळ्यासमोर ठेवून येतात ते तालुक्यातल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं.

टेंडर ऑनलाइन, बयाणा ऑनलाइन, मग पूर्णत्वाचा दाखला तेवढा हेलपाटे घालून का? फायनल बिल पास झालं की त्याच दिवशी तो कंत्राटदाराच्या लॉगिनला दिसला पाहिजे. कंत्राटदार संघटनांनी थकीत बिलांच्या निवेदनात ही एक मागणी घालावी. तिला सरकारचा एक रुपयाही लागत नाही.