सराईत चेहऱ्यांचं काय करायचं? वाशीच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

प्रसिद्ध माणसांच्या पोर्ट्रेट फोटोंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा लेखच लिहितेय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सर वाशीला राहतात आणि शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या मते असे फोटो म्हणजे निव्वळ खुशामत. चेहरा आधीच देखणा, त्यावर मेकअप, त्यावर लाइट आणि शेवटी फोटोशॉप, मग फोटोग्राफरने केलं काय? फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांच्या फोटोंत त्यांना सगळ्या नट्या एकसारख्या मऊ दिसतात. कॅनडाचा फोटोग्राफर यूसुफ कार्श याने काढलेला चर्चिलचा प्रसिद्ध फोटो हा सिगार हिसकावल्यामुळे झालेला अपघात आहे, असं ते म्हणतात. खरं पोर्ट्रेट हवं तर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजी विकणाऱ्या आजींचं काढा, तिथे चेहऱ्यावर आयुष्य दिसतं, असा त्यांचा सल्ला आहे.

सर, तुमचा मुद्दा जिथून सुरू होतो तिथेच माझा आक्षेप आहे. देखणा चेहरा समोर असला की काम सोपं होतं, असं तुम्ही धरून चालला आहात.

माझा छोटा स्टुडिओ ठाण्याच्या नौपाड्यात आहे. घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत, तिथली कलाकार मंडळी पोर्टफोलिओसाठी माझ्याकडे येतात. नवखा मुलगा स्टुलावर बसला की त्याचे खांदे वर चढतात, हातांचं काय करायचं ते त्याला कळत नाही. चहा पाजला, गावाकडची चौकशी केली की तो सैलावतो आणि मग त्याच्याकडून बरंच काही मिळतं. दहा वर्षं पडद्यावर असलेल्या माणसाचं तसं नसतं. आपली कुठली बाजू चांगली दिसते, हनुवटी किती खाली घ्यायची, डोळ्यांत चमक कधी आणायची, हे सगळं त्याला पाठ असतं. माझं बोट शटरवर जायच्या आत त्याचा चेहरा तयार असतो. तो तयार चेहरा टिपायला फार काही लागत नाही. पण तो टिपून हाती येतो तो लोकांनी आधीच हजारदा पाहिलेला फोटो. त्या सरावाच्या पलीकडे, मिळालेल्या पंधरा-वीस मिनिटांत पोचायचं कसं, हा या कामातला खरा प्रश्न आहे. या प्रांतातल्या मोठ्या फोटोग्राफरांची शैली म्हणजे या एका प्रश्नाला त्यांनी दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत, असं मला वाटतं.

अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनचं एक उत्तर तर निर्दयी होतं. १९५७ साली त्याने विंडसरच्या ड्यूक आणि डचेसचा फोटो काढला. इंग्लंडचं सिंहासन सोडलेला राजा आणि ज्या बाईसाठी सोडलं ती त्याची बायको. कॅमेऱ्यापुढे हसायची दोघांना आयुष्यभराची सवय होती. अ‍ॅव्हेडनने स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की त्या दोघांचा कुत्र्यांवर फार जीव आहे हे त्याला माहीत होतं. म्हणून 'येताना माझ्या टॅक्सीखाली एक कुत्रा मेला' अशी थाप त्याने मारली. दोघांचे चेहरे क्षणभर उतरले आणि त्याने तोच क्षण घेतला. फोटोत दोन थकलेली, म्हातारपणाकडे झुकलेली माणसं दिसतात. हे वागणं मला पटत नाही, कुणाशी मी असं वागणारही नाही. पण या फोटोला खुशामत कुणीच म्हणणार नाही.

आर्नल्ड न्यूमन या अमेरिकन फोटोग्राफरने तर त्याही पुढची पायरी गाठली. १९६३ साली तो जर्मनीतल्या एसेन शहरात आल्फ्रीड क्रुप या उद्योगपतीचा फोटो काढायला गेला. महायुद्धात क्रुपच्या कारखान्यांत कैद्यांना गुलामांसारखं राबवलं गेलं होतं आणि त्यासाठी न्युरेंबर्गच्या खटल्यात तो १९४८ साली दोषी ठरला होता. न्यूमन ज्यू. त्याने क्रुपला कारखान्याच्या पार्श्वभूमीवर बसवलं, दोन्ही बाजूंनी लाइट दिले आणि जरा पुढे झुकायला सांगितलं. चेहऱ्याच्या मधोमध काळोख पडला, हनुवटीखाली गुंफलेली बोटं आणि वर ते डोळे. माणूस सैतानासारखा दिसतो. चेहऱ्याला त्याने कुठे हातही लावला नाही, जे काही केलं ते लाइटच्या जागेने केलं. प्रसिद्ध माणसाच्या पोर्ट्रेटला खुशामतीच्या खात्यात टाकण्याआधी हा फोटो एकदा मोठ्या आकारात बघा, ही विनंती.

आता चर्चिल. ३० डिसेंबर १९४१, ओटावा. कॅनडाच्या संसदेत भाषण करून चर्चिल स्पीकरच्या दालनात आले. आपला फोटो काढायचा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यूसुफ कार्शने मात्र आदल्या रात्रीच तिथे लाइट लावून ठेवले होते. चर्चिलनी एका फोटोची परवानगी दिली. कार्शने अ‍ॅशट्रे पुढे केला, ते सिगार ठेवेनात. कार्श परत कॅमेऱ्याजवळ गेला, सगळं ठीक आहे ना ते पाहिलं, मग पुढे जाऊन माफी मागत सिगार काढून घेतली आणि शटर दाबलं. इथवर तुमचंच म्हणणं बरोबर वाटेल. कपाळावरची आठी हिटलरविरुद्ध नव्हती, सिगारसाठी होती.

पण सर, कार्शजवळ त्याच दिवसाचा दुसराही फोटो होता. पहिल्यानंतर चर्चिल निवळले, त्यांनी आणखी एक काढू दिला आणि त्यात ते चक्क हसतायत. लाइट तोच, कोट तोच, खोलीही तीच. तो हसरा फोटो आज किती जणांच्या डोळ्यांसमोर येतो? लोकांनी उचलून धरला तो रागावलेला. २०१६ साली इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर छापला गेला तोही तोच. बॉम्बहल्ले सोसत उभ्या राहिलेल्या देशाला आपला म्हातारा पंतप्रधान जसा हवा होता तसा तो त्यात दिसला. सिगार हे निमित्त. आदल्या रात्री लाइट लावून ठेवणं, चेहऱ्याची एक बाजू उजळून मागचा भाग अंधारात ठेवणं, कमरेवरचा तो हात चौकटीत घेणं, हे सगळं आधीच झालेलं होतं. तयारी नसती तर सिगार काढल्यावर हाती आला असता फक्त एक रागावलेला माणूस.

दरवेळी थाप मारावी लागते किंवा सिगार काढावी लागते असं नाही. माझाच एक अनुभव सांगते. गडकरी रंगायतनच्या मेकअप रूममध्ये एका ज्येष्ठ अभिनेत्रींचे फोटो काढायचे होते, नाटकाच्या जाहिरातीसाठी. आरशाचे पिवळे दिवे बंद केले, कारण माझ्या पांढऱ्या लाइटमध्ये ते मिसळले की कातडीचा रंग बिघडतो. एका बाजूला सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारा लाइट, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा शीट धरून माझा मदतनीस मुलगा उभा. कॅमेरा वर गेला की बाईंची मान डावीकडे वळायची, हनुवटी खाली यायची आणि अख्ख्या महाराष्ट्राला ओळखीचं असलेलं ते हसू उमटायचं. कॅमेरा खाली आला की हसूही मावळायचं. ते फोटो मी घेतले, जाहिरातीला तेच लागणार होते. मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला, लांबून शटर दाबायची केबल हातात घेतली आणि लाइट बदलायच्या निमित्ताने स्टँड इकडेतिकडे सरकवत राहिले. बाई कंटाळल्या. शीट धरून त्या मुलाचे हात भरून आले होते, थर्माकोल थरथरत होता. बाईंनी ते पाहिलं आणि त्याला विचारलं, "जेवलास का रे?" मी केबल दाबली.

त्या फोटोत मान पुढे आली आहे, गळ्याच्या शिरा दिसतायत, एक भुवई किंचित वर आहे आणि ओठ 'रे' म्हणून नुकते मिटतायत. निर्मात्याने जाहिरातीसाठी पहिलाच फोटो घेतला आणि ते बरोबरच होतं. वर्तमानपत्रातल्या बोटाएवढ्या चौकोनात माणूस झटकन ओळखू यायला हवा. दुसरा फोटो बाईंनी स्वतः मागून घेतला. दोन्ही फोटोंत त्याच आहेत, कामं मात्र वेगळी.

गौतम राजाध्यक्षांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून तिथे जरा थांबते. जाहिरात क्षेत्रातून आलेला हा माणूस १९८० च्या सुमाराला कलाकारांचे फोटो काढू लागला आणि २०११ साली जाईपर्यंत काढत राहिला. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत किती पिढ्या त्यांच्या कॅमेऱ्यापुढे बसल्या. 'सगळ्या एकसारख्या मऊ' असं तुम्हाला वाटतं त्याचं कारण त्यांच्या लाइटमध्ये आहे. त्यांच्याआधी, पन्नाशीच्या दशकात, दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर नटनट्यांचे कृष्णधवल फोटो काढत, ते कडक लाइटमध्ये. गालावर नाकाची सावली, मागे भिंतीवर आकार, केसांना कडेने उजेड. तिथे निम्मा अभिनय लाइटच करतो. राजाध्यक्षांनी उलटी वाट धरली. लाइटचा उगम जितका मोठा आणि चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी सावलीची कड विरघळते. सावली गेली की गालाची हाडं, नाकाची धार, सगळं नाट्य कमी होतं. उरतात डोळे आणि ओठ. तुम्ही आयुष्यभर मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलंत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: ठक्करांचं काम कोळशाने काढलेल्या चित्रासारखं आहे आणि राजाध्यक्षांचं नुसत्या रेषेतल्या चित्रासारखं. रेषेत चूक लपवायला जागा नसते. समोरचा माणूस मनाने तिथे नसेल तर मऊ लाइटमधला फोटो पुठ्ठ्यासारखा सपाट होतो.

म्हणूनच त्यांच्या बाबतीत माणसाची ओळख असणं फार महत्त्वाचं होतं. ज्यांचे फोटो काढले त्यांच्याविषयी त्यांनी मराठीत लिहिलंही आहे, आणि ते वाचताना कळतं की हा माणूस नुसता बघत नव्हता, ऐकतही होता. त्यांनी काढलेले लता मंगेशकरांचे फोटो काढून बघा. तिथे मऊपणा आहे, पण तो नट्यांच्या फोटोंतला मऊपणा नाही. नक्कल करणाऱ्यांनी मात्र त्यांचा लाइट तेवढा उचलला. ठाण्यातल्या लग्नाच्या अल्बमांत आणि मालिकांच्या पोस्टरांवर आज जो सरसकट गुळगुळीतपणा दिसतो, त्याचा राग तुम्ही मूळ माणसावर काढताय असं मला वाटतं.

त्या गुळगुळीतपणाबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. रिटचिंग, म्हणजे फोटोतले डाग-सुरकुत्या पुसणं, काही फोटोशॉपने आणलं नाही. हॉलिवुडमध्ये जॉर्ज हरेल जोन क्रॉफर्डचे फोटो काढायचा तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे ठिपके निगेटिव्हवर पेन्सिल चालवून घालवले जात. पण पेन्सिलीला वेळ लागतो, त्यामुळे हात आपोआप आवरता राहायचा. आता फोनमध्ये एक पट्टी सरकवली की रंध्रंसुद्धा गायब. माझा नियम साधा आहे: पुटकुळी जाते, तीळ राहतो. दोन आठवड्यांत जे आपोआप जाणार आहे ते मी काढते, जे त्या माणसाचं आहे त्याला हात लावत नाही. गिऱ्हाईक कधीकधी नाराज होतं, पण त्याला माझा इलाज नाही.

पैसे घेऊन काढलेलं चित्र खरं कसं असेल, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. राजा रविवर्म्याने बडोद्याच्या सयाजीरावांना रंगवलं तेही मोबदला घेऊनच. त्यावर जास्त बोलत नाही.

शेवटचा मुद्दा जांभळी नाक्यावरच्या आजींचा. तो सगळ्यात महत्त्वाचा. सुरकुत्यांत आयुष्य दिसतं असं आपण म्हणतो, पण त्या सुरकुत्या दिसाव्यात म्हणूनही लाइट लावावा लागतो. बाजूने कडक उजेड घ्यायचा, फोटो कृष्णधवल करायचा, काँट्रास्ट चढवायचा. दर आषाढात वारीतल्या म्हाताऱ्यांचे असे शेकडो फोटो आपल्या फोनवर येतात. टोपी, गंध, रापलेली कातडी, ओलावलेले डोळे. तो वारकरी कोण, कुठल्या गावचा, फोटो काढल्यावर त्याच्याशी कुणी दोन शब्द बोललं का, यातलं काहीच त्या फोटोतून कळत नाही. तुम्हाला राजाध्यक्षांच्या नट्या एकसारख्या दिसतात, मला हे वारकरी एकसारखे दिसतात, आणि माझी तक्रार जास्त गंभीर आहे. कारण नटी 'हा फोटो छापू नका' म्हणू शकते. तिचा मॅनेजर असतो, करार असतो. भाजीवाल्या आजींकडे यातलं काही नाही. सकाळची विक्रीची वेळ, पुढ्यात मेथीच्या जुड्या, आणि कुणीतरी येऊन तोंडासमोर लेन्स धरतं. नाही म्हणायला त्यांना उसंतही मिळत नाही.

अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, कत्तलखान्यातले मजूर, भटके यांचे फोटो काढले. नटनट्यांसाठी वापरायचा तीच साधी पांढरी पार्श्वभूमी, तसंच समोरासमोर उभं करणं. त्यावर टीका झालीच, की याने गरिबांना भकास दाखवलं. काही फोटोंपुरती ती मला पटते. पण खाणीतला मजूर आणि राजा यांना एकाच कागदापुढे उभं करण्यात एक समानता होती, ती मला मोलाची वाटते.

आजींचे फोटो मी काढेन, सर. पण त्यांना विचारून, त्यांच्या सवडीने, जमल्यास स्टुडिओत बसवून, नट्यांना देते तोच मऊ लाइट देऊन. त्यांना कुठला फोटो आवडला ते त्यांनीच सांगायचं आणि त्याचा प्रिंट घरी न्यायचा. त्या सुरकुत्या दाखवायच्या म्हणाल्या तर दाखवू, नको म्हणाल्या तर नको.

तुमच्याकडून मला एक हवंय. राजाध्यक्षांचे जे दोन फोटो तुम्हाला अगदी एकसारखे वाटले, ते कोणाचे ते खाली लिहा. शक्यतो छापील पानावर पाहून लिहा, फोनवर नको. मीही तेच दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून बघेन, लाइट कुठून आलाय, डोळ्यांत त्याचा ठिपका कुठे पडलाय ते टिपून घेईन आणि पुढचा लेख फक्त त्या दोन फोटोंवर लिहीन.