व्हार्फडेलचा पत्ता

दर रविवारी दादरच्या हिंदू कॉलनीतून मामाचा फोन येतो आणि बोलणं व्हार्फडेल या इंग्लिश कंपनीच्या स्पीकरांवर आलं की वाद ठरलेला. "अरे, व्हार्फडेल आता घेण्यासारखं राहिलं नाही. चिनी माल. नाव तेवढं इंग्रजांचं." लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आयुष्य काढलेले त्याचे मित्रही हेच म्हणतात. मी लीड्समध्ये राहतो, म्हणजे व्हार्फडेलच्या माहेरी, आणि मला हे पटत नाही.

इथून रेल्वेने अर्ध्या तासावर इल्कली आहे, व्हार्फ नदीच्या खोऱ्यातलं गाव. १९३२ साली गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी तिथे घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात केली आणि खोऱ्याचंच नाव त्याला दिलं. १९५४ मध्ये याच माणसाने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वादकांना मंचावर बसवलं आणि प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रण आलटून पालटून लोकांना ऐकवलं. आपल्या मालावर केवढा विश्वास! मामाच्या मनातला मान तिथला आहे. तो माझ्याही मनात आहे.

पण मामाच्या हॉलमधले डेंटन, म्हणजे व्हार्फडेलचेच एक मॉडेल, सत्तरच्या दशकातले. कंपनी त्याआधीच, १९५८ मध्ये, रँक ऑर्गनायझेशन या ब्रिटिश समूहाकडे गेली होती. म्हणजे तो ज्यांना रोज फडक्याने पुसतो तेही ब्रिग्जच्या हातचे नाहीत. आज मालकी आयएजी या चिनी समूहाकडे आहे. मालक बदलला की आवाज बिघडतो, असं रँकच्या वेळी कुणी म्हटलं नाही. मग आताच का?

पत गेली, पण वेगळ्या कारणाने, आणि तिथे मामाचा राग खरा आहे. मधल्या काळात हेच नाव स्वस्त टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअरवर चिकटवून इथे विकलं गेलं. माझ्या ऑफिसातल्या तरुणांना व्हार्फडेल म्हटलं की तेच आठवतं, इल्कलीचं तळघर त्यांच्या गावीही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या घरी व्हार्फडेलचेच, २०१९ मध्ये बाजारात आलेले लिंटन स्पीकर आहेत. खालच्या स्वरांसाठी आठ इंची वूफर, स्वराच्या मधल्या पट्टीसाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, रुंद लाकडी पेटी. किशोरीताईंच्या मागचे दोन तानपुरे त्यांत वेगवेगळे कळतात, डग्ग्याचा घिस्सा गढूळ होत नाही. मामाने हेच स्पीकर परळला एका मित्राकडे ऐकले आणि "बास घुमतो" म्हणून नापास केले. घुमणारच! लिंटनचे दोन्ही पोर्ट, म्हणजे पेटीतल्या हवेला वाट देणारी भोकं, मागच्या बाजूला असतात. दहा बाय बाराच्या खोलीत, मोझॅकच्या लादीवर, भिंतीला टेकवून ठेवल्यावर दुसरं काय होणार? माझ्याकडे लाकडी जमीन, जाड गालिचा आणि पेटीमागे दोन फूट मोकळी जागा आहे. मुंबईत ते दोन फूट कुठून आणायचे, हे मला ठाऊक आहे. दादरच्या त्याच हॉलमध्ये आम्ही सातजण झोपायचो. म्हणून मामाला मी लिंटन घे म्हणत नाही. छोटी पेटी घे, पण कारखान्याच्या पत्त्यावरून आवाज ठरवू नकोस, एवढंच म्हणतो.

डिसेंबरात दादरला जातोय. मामाने कबूल केलंय: परळचे लिंटन टॅक्सीने आणायचे, भिंतीपासून पुढे ओढायचे, डेंटनशेजारी मांडायचे, दोन्हींच्या आवाजाची पातळी मोजून सारखी करायची आणि कोणते वाजतायत ते दिसू नये म्हणून समोर पडदा धरायचा. पडदा मलमलचा हवा, हे मामीला आधीच सांगून ठेवलंय. जाड कापड वरचे स्वर गिळतं.