ताई, आज जरा जास्त आहे

कचरा वेगळा करणं हे फार जबाबदारीचं काम आहे, आणि म्हणूनच ते दुसऱ्यावर सोपवावं. जुन्या पुणेकराला हे सांगावं लागत नाही. पण शहरात नव्याने फ्लॅट घेणारे काही भाबडे लोक पहिल्याच आठवड्यात ओट्याखाली दोन बादल्या मांडतात, मुलांना केळ्याचं साल कुठे आणि बिस्किटाचा कागद कुठे हे शिकवतात आणि पुढे महिनोन् महिने तसंच वागत राहतात. अशांना वेळीच सावरावं म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

बादल्यांपासून सुरुवात करू. सोसायटीने एक हिरवी आणि एक निळी अशा दोन दिल्या असतील तर नाही म्हणू नये. हिरवीत कांदे-बटाटे छान राहतात आणि निळी धुण्याच्या चिमट्यांना पुरते. कचऱ्याला मात्र एकच पिशवी ठेवावी, शक्यतो काळी, म्हणजे आत काय आहे हे आपल्यालाही दिसत नाही. रात्रीची उरलेली आमटी, औषधाची बाटली, दाढीचं ब्लेड, कुरिअरचं पाकीट आणि आंब्याच्या कोयी असं सगळं एकत्र नांदवून तोंडाला तिहेरी गाठ मारावी. गाठ पक्कीच हवी. पिशवी पुढे कोणाला तरी उघडावी लागते आणि सोडवायला दोन मिनिटं लागली नाहीत तर ती कसली गाठ!

केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करून द्यावेत असं लिहिलेलं होतं. लिहिणारे दिल्लीत बसतात, त्यांना वन बीएचकेच्या ओट्याखाली किती जागा असते याची काय कल्पना? घातक कचऱ्यात त्यांनी संपलेले सेल, ट्यूबलाइट, मुदत उलटलेली औषधं, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे, इंजेक्शनच्या सुया असं बरंच काही घातलं होतं. यावर आपल्याकडे घरगुती उपाय आहेत. इन्सुलिनच्या सुया चहाच्या चोथ्यात खुपसून ठेवल्या की टोचत नाहीत, निदान आपल्याला. फुटलेला काचेचा ग्लास कागदात गुंडाळत बसू नये. तो पिशवीत तसाच सोडावा, तळाशी आपोआप जातो.

डायपर आणि सॅनिटरी पॅड हा विषय जरा नाजूक आहे. ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडून बघावी लागणार नाही, अशी विनंती पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी केली होती. खर्च म्हणाल तर वर्तमानपत्राचं अर्धं पान आणि पोराच्या कंपासमधलं एक स्केचपेन. पण आपण पडलो सुसंस्कृत माणसं. जो विषय घरात आपण मोठ्याने काढत नाही, त्यावर स्केचपेनने ठिपका कसा काढणार? तेव्हा पॅड तसंच, उघडं, भाजीच्या देठांबरोबर जाऊ द्यावं. मर्यादा पाळली जाते आणि उघडून बघायचा प्रश्नही उरत नाही, हाताला आपोआप कळतं.

आता रोज कचरा न्यायला दारावर येणारी ही ताई कोण, हे समजून घेण्याच्या फंदात पडू नका. 'महापालिकेची बाई' एवढं पुरेसं आहे. कोणी जास्त माहिती द्यायला लागलं तर विषय बदलावा, कारण माहिती गैरसोयीची आहे. उकिरडे आणि कचरापेट्या धुंडाळणाऱ्या या बायकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' नावाची संघटना उभी केली. हमालांचे नेते बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते, एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्याही होत्या. पुढे २००७ मध्ये त्यांनी स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघर कचरा घ्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्या बाईला आपण 'आमची कचरेवाली' म्हणतो, ती एका संस्थेची सभासद-मालक आहे. आणि सर्वात अडचणीची गोष्ट अशी की तिला पालिकेचा पगार नाही. घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते, यावर तिचं घर चालतं. दोघींची जोडी रोज दोन-अडीचशे घरं करते, ढकलगाडी ओढत शेडवर जाते, तिथे मांडी घालून सगळं निवडते, ओलं फीडर पॉइंटवर, म्हणजे ठरलेल्या नाक्यावर, पालिकेच्या गाडीत देते आणि विकाऊ माल भंगारच्या दुकानात नेते.

हे कळलं की शुल्क नाकारणं जड जातं, म्हणून कळून घेऊ नये असं म्हणतो. ती पैसे मागायला आली की पहिल्या झटक्यात 'आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरतो' असं ठणकावावं. हे वाक्य दार पूर्ण न उघडता म्हणायचं असतं. तिने पालिकेची पावती दाखवली तर 'पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम घेऊन जा' म्हणावं. पुढच्या महिन्यात 'मध्ये चार दिवस आली नव्हतीस, ते कापून किती होतात?' हा हिशेब काढावा. चार दिवस ती का आली नव्हती हे विचारू नये, कदाचित सांगेल. तिसऱ्या महिन्यात सुट्टे नसतात. तिने क्यूआर कोड पुढे केला, तर त्या क्षणी आपल्या मजल्यावर नेटवर्क नसतं.

तरीही ती हटली नाही तर हुकमी पत्ता काढावा: 'सुका कचरा तुलाच देतो ना आम्ही, त्यात कमावतेस की!'

हा पत्ता टाकण्याआधी मात्र थोडी पूर्वतयारी लागते. सुक्या कचऱ्यात पैसा आहे हे खरंच आहे, म्हणून तो आधी आपण काढून घ्यावा. वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला जातात. ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठ्याचे खोके वॉचमन जिन्याखाली साठवतो, त्याचं आणि भंगारवाल्याचं काय ते त्यांचं त्यांना माहीत. तांब्याची तार, जुना कुकर, पत्र्याचे डबे आणि लोखंडी कपाटाचं दार यांचा भाव आपण स्वतः करतो, काटा नीट आहे ना हे चष्मा लावून बघतो आणि वीस ग्रॅमवरून वाद घालतो. मग उरतं काय? वेफर्सची चकचकीत पाकिटं, सॉसच्या पुड्या, शांपूचे सॅशे, थर्माकोल, दह्याने बरबटलेले कप. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं कुणाला परवडत नाही, त्यामुळे कोणताही भंगारवाला त्याला हात लावत नाही. हे सगळं आपण तिला मोकळ्या हाताने द्यावं. दानात हिशेब करू नये.

तरी चुकून चांगला माल तिच्याकडे जाण्याची भीती असतेच, त्यावर उपाय एकच, ओलावा. पाण्याची पारदर्शक बाटली, जिला त्या धंद्यात कंपनी कोणतीही असो 'बिसलेरी'च म्हणतात, तिला बरा भाव मिळतो, म्हणून तिच्यात अर्धा घोट कोल्ड्रिंक ठेवून झाकण घट्ट लावावं. दुधाच्या पिशवीलाही भाव असतो, पण धुतलेल्या. तेव्हा ती न विसळता तीन दिवस सिंकखाली मुरवावी आणि कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडून टाकावा, म्हणजे तो चिमूटभर प्लॅस्टिकचा तुकडा शहराच्या नाल्यांत स्वतंत्रपणे फिरायला मोकळा होतो. पुठ्ठ्यावर रस्सा सांडला की त्याची किंमत गेली. कागद भिजला की तो कागद राहत नाही. एका वाटीभर आमटीत तिची अख्ख्या मजल्याची कमाई बुडवता येते, आणि आमटी तर आपण फेकतोच आहोत.

'आम्हाला हे वेगळं करणं जमत नाही हो, वेळ कुठे असतो' ही तक्रार करताना एक काळजी घ्या. पाहुण्यांना माळ्यावरची रद्दी दिसू देऊ नका. तिथे मराठी पेपरचा गठ्ठा वेगळा, इंग्रजीचा वेगळा, पुरवण्या आणि गुळगुळीत मासिकं वेगळी, सगळ्याला सुतळी बांधलेली. इंग्रजी रद्दीला किलोमागे दोन पैसे जास्त मिळतात हे या घरात दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. वर्गीकरणाचं एवढं शास्त्र उघड झालं तर दोन बादल्यांचं अज्ञान टिकवणं अवघड होतं.

कधी कधी ताईच बंड करते. 'मिक्स कचरा घेणार नाही' म्हणते आणि पिशवी दारातच ठेवून जाते. घाबरू नये. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिशवीचा फोटो टाकावा (आपल्या दाराचा नंबर दिसणार नाही अशा बेताने) आणि खाली 'दिवसेंदिवस यांचा माज वाढत चाललाय' असं लिहावं. दहा मिनिटांत चौदा अंगठे येतात. मग चेअरमन माजी नगरसेवकाला फोन लावतात, नगरसेवक आरोग्य निरीक्षकाला, निरीक्षक मुकादमाला, आणि मुकादम संध्याकाळी तिला विचारतो, 'कशाला नाटकं करतेस?' साखळी किती चोख चालते बघा. उगाच म्हणतात आपल्याकडे यंत्रणा नाही.

एवढं होईपर्यंत पिशवीला वास सुटलेला असतो, तेव्हा ती गाडीच्या डिकीत टाकून सकाळी ऑफिसला जाताना वाटेत सोडावी. पूर्वी चौकाचौकांत कचऱ्याचे कंटेनर असायचे. पालिकेने ते बहुतेक ठिकाणचे काढले, पण आपली सवय काढायचं तिला सुचलं नाही. जागा सापडत नसेल तर खूण सोपी आहे. ज्या भिंतीवर 'येथे कचरा टाकू नये' लिहिलं आहे आणि खाली रांगोळी काढलेली आहे, तीच जागा. काही भिंतींवर देवादिकांच्या टाइल्स लावलेल्या असतात. आपण श्रद्धाळू असाल तर पिशवी दोन फूट अलीकडे ठेवावी.

निर्माल्याची गोष्ट वेगळी, ते कचऱ्यात देणं पाप. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून, पुलावर गाडी बंद न करता, नमस्कार करत मुठा नदीत सोडायचं असतं. पुलांच्या कठड्यांना जाळ्या लावल्या तेव्हा वाटलं होतं प्रथा मोडेल, पण पुणेकराने नेम सुधारला. गणेशविसर्जनाला याच कचरावेचक बायका घाटांवर उभ्या राहून निर्माल्य गोळा करत असतात, त्यांच्याकडे बघून हार थेट पाण्यात टाकण्यातलं समाधान काही औरच.

मोठ्या सोसायट्यांसाठी एक जादा कानमंत्र. रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असा नियम आहे. त्यासाठी खताचं मशीन घ्यावं, नारळ फोडावा, फोटो काढावा. आवारात खत करणाऱ्यांना पालिका मिळकतकरात सवलत देते, तिचा अर्ज करावा. मग मशीनचं वीजबिल बघून ते बंद करावं आणि त्यावर कुंड्या ठेवाव्यात.

कोणी खोलात शिरून 'पण हे सगळं जातं कुठे?' असं विचारलं तर 'बाहेर' म्हणून सांगावं. बाहेर म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही शहराच्या कडेची गावं, जिथे पुण्याने वर्षानुवर्षं आपला कचरा न निवडता ओतला आणि विहिरींचं पाणी बिघडवलं. तिथल्या लोकांनी वैतागून गाड्या अडवल्या की चार दिवस आपल्याही गल्लीत ढीग साचायचे. त्या दिवसांत 'प्रशासनाच्या ढिसाळ नियोजनाचा फटका सामान्य पुणेकराला' अशा आशयाचं पत्र संपादकांना पाठवायचं असतं. भाषा जळजळीत असावी, पत्राचं पाकीट मात्र मिक्स कचऱ्यातच टाकावं.

आणि या साऱ्यावरचं रामबाण वाक्य तर तुम्हाला पाठ असेलच: 'आपण वेगळं करून काय उपयोग, पुढे सगळं एकत्रच करतात.' एखाद्या सकाळी कुठल्या तरी कोपऱ्यावर एखाद्या गाडीत दोन बादल्या एकत्र रिकाम्या होताना कोणी तरी पाहिलेलं असतं. त्या एका दृश्यावर तीन पिढ्या काढता येतात. मात्र हे वाक्य जो स्वतः एकत्र देतो त्यानेच म्हणावं, अनुभवाचं वजन येतं. वेगळं देणाऱ्यांना ही तक्रार करायला फारसा वेळ नसतो, ते दुधाची पिशवी विसळत असतात.

दिवाळी जवळ आली की मन मोठं करावं. साफसफाईत निघालेली फाटकी गादी, एका पायाची खुर्ची, पारा उडालेला आरसा हे तिच्या ढकलगाडीवर ठेवून म्हणावं, 'ताई, आज जरा जास्त आहे, पण तुला उपयोगी पडेल.' गादी तीन जिने उतरवायला हात लावू नये, भेट आपण दिली आहे. बोनसचं ती काही बोलली तर गादीकडे बोट दाखवावं.

राहता राहिलं स्वच्छ सर्वेक्षण. २०१६ पासून केंद्र सरकार शहरांना त्यात गुण देतं आणि नागरिकांचंही मत विचारतं. तुमच्याकडे ओला आणि सुका कचरा वेगवेगळा होतो का, असं कोणी विचारलं तर न अडखळता 'हो' म्हणावं. यात खोटं काही नाही. वेगळा होतोच, रोज, शेवटच्या कपट्यापर्यंत. कुठे, किती वाजता आणि कोणाच्या हातांनी, हे त्यांनी विचारलेलं नसतं.