लेमूर माकड नव्हे, माकडांचा पूर्वजही नव्हे

‘लेमूर ही मादागास्करची माकडे असून सगळी माकडे त्यांच्यापासूनच उत्क्रांत झाली’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील मादागास्करचा उल्लेख तेवढा बरोबर आहे. बाकीचे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

लेमूर आणि माकडे दोघेही नरवानर गणातील असले, तरी त्यांच्या शाखा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. लेमूर आणि त्यांच्यासारखेच लहान निशाचर लोरिस व गॅलागो हे ओलसर नाकाच्या शाखेत येतात, तर टार्सियर (मोठ्या डोळ्यांचा छोटा प्राणी), माकडे, कपी (चिंपांझी, गोरिला यांसारखे बिनशेपटीचे) आणि माणूस कोरड्या नाकाच्या शाखेत. म्हणजे आजचा लेमूर हा माकडाचा आजोबा नसून दूरचा चुलतभाऊ आहे, आणि वर्गीकरणापुरते बोलायचे तर माकड त्याच्यापेक्षा आपल्याला जवळचे आहे.

हा फरक लेमूरच्या तोंडातच दिसतो. बहुतेक लेमूरांचे खालचे पुढचे दात बारीक, लांब आणि पुढे झुकलेले असतात. या दातांच्या फणीने ते एकमेकांची लव विंचरतात, आणि फणीत अडकलेले केस जिभेखालच्या दुसऱ्या, उपजिभेसारख्या अवयवाने साफ करतात. (आय-आय नावाचा लेमूर याला अपवाद आहे, त्याचे दात उंदरासारखे सतत वाढतात.) पायाच्या दुसऱ्या बोटाला नखाऐवजी खाजवण्यासाठी नखर, म्हणजे टोकदार नखी असते. माकडांत ही दंतफणी आढळत नाही.

त्या फिरणाऱ्या मजकुरासोबतच्या चित्रात लेमूर शेपटीने फांदीला लटकलेला दाखवला आहे, तेही खरे नाही. नरवानरांत तशी पकड फक्त अमेरिका खंडांतील काही माकडांच्या शेपटीत असते.