खुलासा : वायफाय दिसत नाही म्हणजे ब्रूइंग कंट्रोलर जळाला असे नव्हे

घरी बिअर तयार करणाऱ्या हौशी मंडळींत असे सांगितले जाते की, नवा राउटर बसवल्यावर, आंबवण्याचा फ्रिज चालू-बंद करून तापमान राखणाऱ्या कंट्रोलरला घरचे वायफाय दिसेनासे झाले तर बोर्ड जळाला समजावे, आणि नेटवर्क नसताना आंबवणे सुरू ठेवल्यास सगळी बॅच वाया जाते. ही विधाने जशीच्या तशी खरी नाहीत.

अशा कंट्रोलरांत सर्रास आढळणारी ईएसपी८२६६ ही वायफाय चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यावर चालते; त्यामुळे राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ सुरू असेल, तर ते नेटवर्क तिच्या यादीत येणारच नाही. २.४चा पट्टा वेगळ्या नावाने सुरू करून पुन्हा जोडून पाहावे. बोर्ड फेकायचाच असेल तर त्यानंतर फेकावा. कंट्रोलर फ्रिजच्या आत ठेवला असल्यास पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून तो बाहेर ठेवून डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर तेवढी दाराच्या रबरी पट्टीखालून आत न्यावी.

दुसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. ब्रूपाय या अशाच एका कंट्रोलरच्या मूळ रचनेत तापमान राखण्याचे काम आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड करतो आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक नोंदी ठेवतो, त्यामुळे दोघांतला संपर्क तुटला तरी फ्रिज शेवटी ठरवलेल्या तापमानानुसार चालू-बंद होत राहतो. मात्र, १८ अंशांवरून हळूहळू २० अंशांवर नेण्याचे वेळापत्रक रास्पबेरी पायकडून येत असल्याने ती वाढ संपर्क परत येईपर्यंत थांबते.